धीराची पोरगी

बांगडी कटकन फुटली आणि काचेचा तुकडा हेमलताच्या तळव्यात, करंगळीच्या बाजूला, घुसला. मी समोरच बसले होते म्हणून मला दिसलं. रक्ताची बारीक धार मनगटावरून कासारणीच्या फडक्यावर उतरली, आणि हेमलता मात्र मैत्रिणीकडे मान वळवून खिदळत होती.

“थांब वं, हात हलवू नको. फुटली,” कासारीण म्हणाली.

“फुटली म्हणू नका, वाढली म्हणा!” हेमलताची आई, पार्वताबाई, चहाचा ट्रे तसाच टाकून धावत आल्या.

हेमलतानं तेव्हा कुठं हाताकडे पाहिलं. “बाई! हे कव्हा झालं?”

ओसरीवर बसलेल्या बायकांनी एकच कौतुक सुरू केलं. कोणी म्हणालं, दुसरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. कासारीण तर फडकं दाबत म्हणाली, “इतक्या नवरींचे चुडे भरले बाप्पा, पण अशी धीराची पोरगी नाही पाहिली. सासूनं भाग्य काढलं.”

मी हेमलताचा हात मांडीवर घेतला, कापूस मागवला आणि सुईनं काच काढायला लागले. काढता काढता मुद्दाम जरा जास्त टोचलं. ती मैत्रिणीला ब्लाऊजच्या गळ्याबद्दल सांगत होती. तिचं बोलणं तुटलं नाही.

मी ललिता कापगते, खैरटोल्याची आशा कार्यकर्ती. चुडा भरायला मी शेजारीण म्हणून गेले होते, कामावर नव्हते. पण हे काम असं आहे की बाईबरोबर घरी येतं, जेवायला बसतं आणि लग्नालाही जातं. हात धुताना मी हेमलताची बाही कोपरापर्यंत वर सारली. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, फिकट तांबूस डाग होता. त्यावर मलम चोपडलेलं होतं.

“हे काय वं?”

“गजकर्ण हाये, काकू. आई मलम आणते. जातच नाही मेलं.”

मी पार्वताबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. “हिले दवाखान्यात न्या लागते. काच घुसली. धनुर्वाताची सुई पाहिजे.”

“उद्या हळद हाये, ललिताबाई. चुडा भरल्यावर नवरी वेस ओलांडते का?”

“धनुर्वात विचारून येते का, उद्या हळद हाये म्हणून?”

“कसं अभद्र बोलता तुम्ही!”

माझी सासू म्हणायची, ललिताच्या जिभेला हाड नाही आणि हट्टाला औषध नाही. पार्वताबाईंनाही ते ठाऊक होतं. त्यांनी नवरीच्या पदराला लिंबू बांधलं, कमरेला सुरी खोचली आणि आम्हाला मागच्या दारानं काढलं. हेमलता माझ्या स्कूटीवर बसली ती सहलीला निघाल्यासारखी.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडम नव्या होत्या, पण पोरींशी आपुलकीनं बोलणाऱ्या होत्या. सुई झाली. मग मी बाही वर करून डाग दाखवला आणि बाजूला उभी राहिले. मॅडमनी कोपराच्या मागे बोटानं चाचपलं, दोन्ही हातांचं चाचपलं, आणि खुर्ची पुढे ओढली.

“हेमलता, डोळे मीट. मी पेनाचं टोक लावीन. जिथं कळेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. समजलं?”

“हो, मॅडम.”

मॅडमनी पेन दंडावर टेकवलं. तिनं बरोबर तिथं बोट ठेवलं. मनगटाच्या वरच्या बाजूला, अंगठ्यापाशी, तिथंही ठेवलं. मग पेन डागावर गेलं. मग करंगळीवर, तिच्या शेजारच्या बोटावर, तळव्याच्या कडेवर. एकदा, पुन्हा एकदा, जरा दाबून. हेमलता डोळे मिटून, ओठांवर हसू धरून, शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसली होती. दुसऱ्या हाताचं बोट तयार ठेवलं होतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “मॅडम, सुरू करा न.”

मला तिथं उभं राहवेना. मी खिडकीशी जाऊन पाठ केली. इतकी वर्षं मी घरोघर डाग शोधत हिंडले, संशयित म्हणून कितीतरी माणसं या टेबलापर्यंत आणली, पण असं कोणी म्हणालं नव्हतं.

मॅडमनी काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं. कुष्ठरोग आहे, पण सुरुवातीचा. कोपरामागची नस सुजली आहे, म्हणून हाताचा तेवढा भाग बधिर झालाय. काही महिने गोळ्या घेतल्या की पूर्ण बरा होतो. पहिला डोस पोटात गेला की दुसऱ्याला लागण्याचं भय लवकरच सरतं. नसेसाठी वेगळ्या गोळ्या. “मात्र आजपासून. नस आत्ता औषध ऐकते आहे. उशीर केलास तर ही दोन बोटं वाकतील, आणि मग मी काही करू शकणार नाही.”

हेमलतानं त्या दोन बोटांकडे पाहिलं. ती ब्लाऊज शिवायची. आमच्या गावातच नाही, आजूबाजूच्या टोल्या-वस्त्यांतूनही बायका तिच्याकडे कापड द्यायच्या. लग्नात माहेरून भांडी नकोत, पिकोचं मशीन द्या, असं तिनं बापाला ठणकावून सांगितलं होतं.

“लग्न?” तिनं एवढंच विचारलं.

“खुशाल कर. आजारात लग्नाला बंदी नाही. कोणाला सांगायचं, कोणाला नाही, ते तू ठरवायचं.” मॅडम माझ्याकडे वळल्या. “ताई, हिच्या परवानगीशिवाय तुमच्या तोंडून एक शब्द निघायचा नाही.”

जिभेला हाड नसलेल्या बाईला ही शिक्षाच होती. पण मी मान हलवली. पहिला डोस हेमलतानं तिथंच, मॅडमच्या समोर घेतला. बाकीचं पाकीट मी पिशवीत टाकलं.

घरी आल्यावर तिनंच आईला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं. मीही आत होते. पार्वताबाई तांदळाच्या पोत्यावर बसल्या त्या बसल्याच. पदर तोंडात कोंबून रडल्या, कारण बाहेर पाव्हण्या बायका पापड तळत होत्या. रडून झाल्यावर मात्र त्यांचं डोकं भराभर चालायला लागलं.

“कोणाले सांगाचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. लगन होऊन जाऊ दे, मंग पाहू.”

“गोळ्या थांबवता येत नाही, पार्वताबाई.”

“खाईल न! पाकिटातून काढून ताकदीच्या गोळ्यांच्या डबीत टाकून देऊ. सासू विचारेल तं म्हणाचं, रक्त कमी हाये.”

मी काही बोलायच्या आधी हेमलताच हसली. रडता रडता हसली.

“आई, सासू कोण हाये माही?”

त्या घाईत पार्वताबाई विसरल्याच होत्या. हेमलताची होणारी सासू, द्वारकाबाई गहाणे, ही देवबोडीची आशा होती.

द्वारकाबाईला मी ओळखत होते, चांगली ओळखत होते. आमची ट्रेनिंगं एकत्र झालेली. आवाज असा की माईक बंद पडला तरी कार्यक्रम थांबत नसे. कुष्ठरोग जनजागृतीच्या पंधरवड्यात आम्ही बाजारच्या दिवशी नाटुकलं करायचो. त्यात द्वारकाबाई सासू व्हायची आणि मी डाग असलेली सून. गावकरी सुनेला हाकला म्हणायचे, तेव्हा द्वारकाबाई छातीवर हात मारून म्हणायची, “मी हिच्या हातचं जेवीन!” आणि माझ्या हातातून भाकर हिसकावून खरंच खायची. टाळ्या पडायच्या. एकदा तिला जोराचा ठसकाही लागला होता.

आता तिला खऱ्याच सुनेच्या हातचं जेवायचं होतं. त्या गोळ्यांचं पाकीट तिनं आंधळ्या माणसासारखं हातानं चाचपून ओळखलं असतं. त्या गोळीनं लघवी लाल होते हेही तिला पाठ. डबी बदलून तिला फसवणं म्हणजे पुजाऱ्यापासून प्रसाद लपवणं.

“मंग मोडलं लगन,” पार्वताबाई म्हणाल्या. “तिले कळलं का मोडलं. ललिताबाई, तुम्ही कासाले आल्या वं चुडा भराले?”

मला ते लागलं. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते, कदाचित याहून वाईट.

“मी जाते सांगाले,” हेमलता म्हणाली.

“हळदीच्या आदल्या दिवशी नवरी सासरी जाते? लोक काय म्हणतील?”

“लोकांले कळणार नाही, तोंडाले स्कार्फ बांधते. आई, मले त्या घरात राहाचं हाये. रोज उठून हात लपवाचा, गोळी लपवाची, लघवी लपवाची. मी कव्हा जगू मंग? काकू, गाडी काढा.”

माझ्या हट्टाला औषध नाही असं म्हणतात; या पोरीपुढे माझा हट्ट म्हणजे पोरखेळ होता. मी गाडी काढली.

देवबोडीच्या तलावाची पाळ आली तेव्हा तिनं मला थांबायला सांगितलं. खाली उतरून चेतनला, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, फोन लावला. मी ऐकू नये म्हणून चार पावलं दूर गेले, पण वारा माझ्याच बाजूनं होता. तिनं घुमवलं-फिरवलं नाही. आजाराचं नाव घेऊन सांगितलं. पाळीखाली बायका कपडे आपटत होत्या.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाला, हात दुखते का तुहा? मी म्हटलं, दुखत नाही हेच तं दुखणं हाये.” तिनं फोन पर्समध्ये टाकला. “मंग म्हणाला, मले काही नाही, पण आईच्या पुढं माहं चालत नाही.”

म्हणजे सगळं द्वारकाबाईवर आलं.

ती अंगणवाडीत होती. लसीकरण नुकतंच आटपलं होतं. नर्सबाई निघून गेल्या होत्या आणि द्वारकाबाई एकटी चटया गुंडाळत होती. मला पाहून तिनं आवाज दिला, “ललिता! अवं, उद्या हळद हाये आमच्या घरी, अन् तू...” मग माझ्यामागे स्कार्फ सोडणारी हेमलता तिला दिसली. गुंडाळलेली चटई तिच्या हातातून सुटून उलगडत गेली.

“हे काय? हे काय, माय? घरी काही झालं का?”

“बसा, मावशी,” हेमलता म्हणाली, आणि स्वतः त्या उलगडलेल्या चटईवर बसली. बाही वर केली. सांगितलं.

द्वारकाबाईचा आवाज मी पहिल्यांदाच बसलेला ऐकला. “कोणत्या मॅडमनं पाहिलं?” तिनं विचारलं. मी सांगितलं. “नस?” मी मान हलवली. ती उठली, दार लोटून आली, आणि माझ्या अंगावर धावली.

“तूच आणली असशील हिले. तुले आजच भेटलं? दोन दिवस तोंड दाबून बसता आलं नाही?”

“मी नाही, तिनं...”

“पोरगी लहान हाये. तुले अक्कल नाही? सारं गाव जेवाले येऊन राहिलं. माह्या दीराले कळलं, जावेले कळलं, तं माह्या दाराशी पाणी पिणार नाही कोणी. मी यांच्याच घरोघर जाते वं, यांचीच लेकरं तोलते!”

“आपणच सांगतो न, द्वारका, का काही होत नाही...”

“सांगतो. दुसऱ्याच्या दारात उभं राहून सांगाले काय जाते? लोका सांगे ब्रह्मज्ञान! तू सांग. तुहा पोरगा असता तं? खरं सांग, ललिता. तुहा प्रकाश असता तं केली असती सून?”

मी हो म्हणायला तोंड उघडलं. माझा प्रकाश तेव्हा कॉलेजात होता. माझ्या डोळ्यांपुढे तो आला. ज्या गोष्टीचं मी वर्षानुवर्षं भाषण केलं, तिच्यावर मला त्या चटईशेजारी उभं राहून हो म्हणता येईना. मला स्वतःची फार लाज वाटली.

“मले माहीत नाही,” मी म्हणाले. “खोटं नाही बोलत. पण हिचा हात जाऊ देणार नाही मी. लगन होवो नाही तं मोडो. गोळ्या हिच्या पोटात जातील. त्यासाठी मी रोज यीन, माहेरी असली तं माहेरी, तुह्या दारात असली तं तुह्या दारात. तू हाकललं तरी यीन.”

“मी आईची जात हाये पहिले. आशा मंग.”

“मंग त्या मंगच्या आशालेच विचारते मी,” हेमलता म्हणाली.

आम्ही दोघीही तिच्याकडे पाहायला लागलो. ती चटईवर तशीच बसली होती, हात पुढे करून. डोळे लाल झाले होते, पण आवाज कापत नव्हता.

“मावशी, सासू म्हणून जे ठरवाचं ते ठरवा. तुम्ही नाही म्हटलं तं मी घरी जाऊन सांगीन का मीच नाही म्हटलं. तुमचं नाव येणार नाही. पण तुम्ही आशाताईबी हाये. गावात कोणाचाबी हात असा झाला तं पाहाच लागते न तुम्हाले? तसा पाहा. याच हातावर माहं पोट हाये. मले सांगा, मी काय करू म्हणजे हा वाकणार नाही?”

द्वारकाबाई उभीच होती. मला वाटलं आता ही दार उघडून बाहेर जाणार. मग ती जड अंगानं खाली बसली, एक गुडघा टेकून. हेमलताचा हात तिनं आधी नुसता धरला. मग उलटा केला. मग बोटं एकेक करून सरळ करत गेली. हे तिनं ठरवून केलं असं मला वाटत नाही. आमचे हात असेच चालतात. समोर हात आला की पाहिला जातो.

तिनं लसीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला. “हा दोन बोटांत धर. करंगळी अन् तिच्या बाजूचं. घट्ट. मी ओढते.”

पुठ्ठा अलगद निघून आला.

“अंगठ्यापाशी धर.” तिथं मात्र द्वारकाबाईला जोर लावावा लागला. “इकडं ताकद हाये. इकडं कमी झाली. पण हाये, गेली नाही.” तिचा आवाज हळूहळू वर चढायला लागला, ट्रेनिंगमधल्यासारखा. “ऐक. रोज संध्याकाळी हात पाण्यात भिजवाचा. कोमट. कोमट हाये का नाही हे या हातानं पाहाचं नाही, दुसऱ्या कोपरानं पाहाचं. मंग तेल लावाचं. मंग पाहाचा, कुठं कापलं का, फोड आला का. तुले कळणार नाही, म्हणून डोळ्यानं पाहाचा. समजलं?”

“हो.”

“मशीन चालवते न? सुईच्या बाजूले डावा हात ठेवाचा, हा नाही. अन् चुलीपाशी सांभाळाचं. गरम गंजी, पातेलं काही फडक्याशिवाय धराचं नाही. फडकं म्हणजे चिंधी नाही, जाड फडकं. भाताची गंजी तं तू उचलूच नको, ते चेतन उतरवते, मी त्याले लहानपणापासून सवय लावली. अन् आपल्या गॅसचं डावं शेगडं लई भडकते, त्याच्यावर तू...”

द्वारकाबाई थांबली.

बाहेर कोणाचं तरी लेकरू लस टोचल्याच्या दुखण्यानं अजून रडत होतं. द्वारकाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग हेमलताकडे, आणि कोणीतरी तिला आपल्याच घरात शिरताना पकडल्यासारखी तिची मान खाली गेली. हेमलताचा हात मात्र तिनं सोडला नव्हता.

मी तोंड घट्ट मिटून ठेवलं. एवढं माझ्यानं जन्मात कधी झालं नाही.

“पाकीट कुठं हाये?” शेवटी ती म्हणाली.

मी पिशवीतून काढून दिलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. “पुढचा डोस माह्या समोर. तू रोज येण्याची गरज नाही. माह्या गावात तुहं काय काम?”

“काहीच नाही,” मी म्हणाले.

“गावाले काही सांगाचं नाही. दीराले अन् जावेले काय सांगाचं ते मी पाहीन. अन् हिच्या घरची सारी माणसं तपासून घे, ललिता. हळद होते न होते तं सुरू कर. मी चेतनले घेऊन तपासाले जाते. हा नियम हाये.” मग हेमलताकडे पाहून, जरा खाकरून, “जाय आता. नवरीनं उन्हात फिराचं नाही. मुहूर्ताले उशीर करू नका.”

हेमलता उठली नाही. तिनं चटईवरचा पुठ्ठ्याचा तुकडा उचलला, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात धरला, दात आवळले आणि हात द्वारकाबाईपुढे केला.

“ओढा, आई.”

द्वारकाबाईनं ओढला. पुठ्ठा आला.

“पुन्हा,” हेमलता म्हणाली.